माहिती भरणारे आणि ठरवणारे

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी विचारतात, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. उत्तर फुटांत येतं आणि पुढचं कुणी समजावून सांगावं लागत नाही. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल भागातली माणसं भोंग्याची वाट बघत बसत नाहीत. कोयनेतून विसर्ग किती क्युसेकने वाढवला, कराडला कृष्णेची पातळी काय आहे, पाऊस धरणक्षेत्रात आहे की नुसता शहरात, हे बघून ती ठरवतात. फ्रीज आज माळ्यावर चढवायचा, जनावरं पहाटे हलवायची, म्हाताऱ्या आईला आताच मिरजेला बहिणीकडे पोचवायचं. संख्याशास्त्राचं पुस्तक कधी न उघडलेल्या माणसांचा हा आकड्यांवर चालणारा कारभार आहे. तो चुकतोही. २०१९ साली अनेकजण २००५ च्या खुणेवर विसंबून राहिले आणि अडकले. पण चुकला तरी पुढच्या वर्षी दुरुस्त होतो, कारण ज्याच्या घरात पाणी शिरणार तोच आकडा बघतो आणि काय करायचं ते तोच ठरवतो.

आता याच जिल्ह्यातल्या, किंवा शेजारच्या साताऱ्यातल्या, एखाद्या मध्यम आकाराच्या सामाजिक संस्थेच्या कार्यालयात मार्च महिन्यात जाऊन बघा. बाहेरच्या खोलीत एक तरुण लॅपटॉपवर पाच-सहा शीट उघडून बसलेला असतो. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झालेला, गावचाच, मानधनावर. एका कंपनीला लाभार्थी जातवार हवेत, दुसऱ्या देणगीदाराला वयोगटवार. तिसऱ्याला प्रत्येक कार्यक्रमाचा जागेच्या नोंदीसह फोटो हवा. सीएला पावत्या हव्यात, धर्मादाय कार्यालयाला अंदाजपत्रक द्यायचंय. आतल्या खोलीत सर पाहुण्यांशी बोलतायत. या मुलाला विचारा, "या सगळ्या आकड्यांवरून यंदा तुम्ही कामात काय बदल केला?" तो क्षणभर आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, "ते सर ठरवतात." सरांना विचारलं तर ते म्हणतात, "डेटाचं सगळं आमचा मुलगा बघतो."

या दोन उत्तरांमध्ये माझा सगळा मुद्दा आहे. सामाजिक संस्थांच्या दुसऱ्या फळीला डेटा वापरायला शिकवलं पाहिजे, असं हल्ली सगळे म्हणतात. त्यासाठी शिबिरं भरतात, फेलोशिप निघतात. पण या मुलांचं घोडं एक्सेलमध्ये अडलेलं नाही. माहिती भरणारा एक आणि ठरवणारा दुसरा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे आणि ती कुणाला खटकत नाही. जोवर ती मोडत नाही तोवर कितीही प्रशिक्षण दिलं तरी त्यातून चांगले कारकून तयार होतील, नेतृत्व होणार नाही.

ही वाटणी कशी झाली ते बघायला फार मागे जावं लागत नाही. पूर्वी संस्था चालायच्या वर्गणीवर, शासनाच्या अनुदानावर, क्वचित परदेशी मदतीवर. कंपनी कायद्याने १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं. हा सीएसआरचा पैसा जिल्ह्याजिल्ह्यांत येऊ लागला आणि त्याच्याबरोबर कंपनीची भाषाही आली. टार्गेट, इंडिकेटर, बेसलाइन, एंडलाइन. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांच्या १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन सक्तीचं केलं. त्यात गैर काहीच नाही. दुसऱ्याचा पैसा घेतला की हिशेब द्यावा लागतो. बिघाड इतकाच झाला की हिशेब देणं हाच माहितीचा एकमेव उपयोग होऊन बसला. माहिती गावातून तालुक्याला, तालुक्यातून मुंबई-पुण्याला जाते. परत गावात काही येत नाही.

आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर मुलींची संध्याकाळची अभ्यासिका चालते. चालवणारी ताई त्याच वाडीची सून. बारावीनंतर लग्न झालं, पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी केली. तिचं हजेरीचं रजिस्टर मी सावकाश बघितलं आहे. शाळेत असतं तसलंच, लाल कापडी पाठीचं. नाव, इयत्ता, तारखा आणि सगळ्यात शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना तिने बारीक अक्षरात गच्च भरलेला होता. "खुरपणी." "आई टोळीबरोबर गेली, धाकटा हिच्याकडे." "मामाच्या लग्नाला." "टँकर." "टँकर." "टँकर." उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, नेमका संध्याकाळी, आणि त्या दिवशी निम्म्या मुली घागरी घेऊन रांगेत. ताईने महिन्याभराचे शेरे वहीच्या एका पानावर उतरवले, कुठल्या कारणाने किती गैरहजर ते मांडलं आणि ग्रामसेवकाला दाखवलं. टँकरची वेळ बदलता येईल का? वेळ काही बदलली नाही. मग तिने टँकरच्या दिवशी अभ्यासिका सकाळी साडेसहाला भरवायला सुरुवात केली. मुली यायला लागल्या.

आता संस्थेच्या कार्यालयाकडून बघा. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये ताईला फक्त "उपस्थित, अनुपस्थित" एवढंच दाबता येत होतं. शेरा कार्यालयात कधी पोचलाच नाही. तिकडे दिसलं ते एवढंच की या केंद्राची उपस्थिती घसरली आहे. व्हॉट्सअप ग्रुपवर सगळ्यांसमोर तिला निरोप आला, उपस्थिती वाढवा. तिने वेळ बदलल्याचं कळल्यावर दुसरा निरोप आला की मंजूर प्रकल्पात वेळ संध्याकाळची लिहिलेली आहे, परस्पर बदल करू नयेत.

डेटा वापरून निर्णय घेणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? कारण नोंदवलं, मोजलं, ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्याकडे गेली, तिथे जमलं नाही म्हणून आपल्या हातात होतं ते बदललं, आणि फरक पडला का ते पुन्हा रजिस्टरमध्येच बघितलं. पुण्याच्या हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत रंगीत स्लाइडवर जे चक्र दाखवतात ते ताईने लाल पाठीच्या रजिस्टरात पूर्ण केलं होतं. आणि यंत्रणेने तिला त्याबद्दल दटावलं.

पण ताईला शिकण्यासारखं काही नव्हतं असं म्हणणं म्हणजे उगाच तिची आरती ओवाळणं. एक गोष्ट तिच्या रजिस्टरात नव्हतीच. अभ्यासिकेत कधीच न आलेल्या मुली. वाडीवर अकरा ते सोळा वयाच्या मुली एकूण किती, असं विचारल्यावर ती घरं आठवून बोटांवर मोजू लागली. मोजता मोजता स्वतःच थांबली, कारण धनगरवस्तीवरची तीन घरं तिच्या मोजणीत कधी आलीच नव्हती. अंश तिच्याकडे होता, छेद नव्हता. आलेल्या मुलींची टक्केवारी काढणं सोपं, पण ज्यांच्यासाठी हे चालवायचं त्यातल्या सगळ्यात अडचणीतल्या मुली पटावरच नसतील तर शंभर टक्के हजेरीलाही अर्थ उरत नाही. दुसऱ्या फळीला एकच गणिती गोष्ट शिकवायची संधी मिळाली तर मी हीच शिकवेन. प्रत्येक आकड्याला विचारायचं, "कितीपैकी?"

हा छेद आयता मिळत नाही. गावनिहाय जनगणनेचे आकडे आजही २०११ चे वापरावे लागतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची आहे. २०११ साली जन्मलेली मुलगी आता अभ्यासिकेत यायच्या वयाची झाली. म्हणजे अंगणवाडी सेविकेचं कुटुंब सर्वेक्षण, आशाताईंची यादी, शाळेचा पट, असं तीन ठिकाणचं जुळवून आपली यादी आपणच करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे. फोटो निघत नाहीत त्याचे.

जुन्या कार्यकर्त्यांचा या सगळ्याला एक आक्षेप असतो आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. "माणसं म्हणजे आकडे नव्हेत. आम्ही चळवळीतून आलो. लोकांच्या मनातली भीती गेली हे कुठल्या रकान्यात भरू?" बरोबर आहे. धरणग्रस्तांच्या ठिय्या आंदोलनात दहा वर्षं बसलेल्या बाईला काय मिळालं हे इंडिकेटरमध्ये मावत नाही. पण हिशेब ही गोष्ट चळवळीला परकी आहे, कंपन्यांनी आणलेली आहे, हे मला पटत नाही. ज्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवलं त्याचा गाभाच हिशेबाचा होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे काय आहे? पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे विचारणं, ही तर इथली सगळ्यात जुनी बंडखोरी.

माणदेशातलं उदाहरण तर अजून ताजं. म्हसवडला बायकांची सहकारी बँक काढायचं ठरलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकजणी अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या साक्षरता वर्गात बसल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हांनी हा किस्सा पुष्कळ ठिकाणी सांगितला आहे आणि लोक तो जिद्दीची गोष्ट म्हणून ऐकतात. मला त्यात दुसरं दिसतं. हिशेब ज्यांचा, तो करणाऱ्याही त्याच होत्या. मधे कुणी डेटा ऑपरेटर नव्हता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जे केलं तेही याच बाजूने बघण्यासारखं आहे. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागे १२१ बालकं दगावत होती, पुढे हे प्रमाण ३० पर्यंत खाली आलं. जगभरातल्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. घरोघरी जाऊन बाळाचं वजन आणि ताप मोजणारी आरोग्यदूत बाई गावातलीच होती आणि मोजून झाल्यावर ती वही घेऊन तालुक्याला जात नव्हती. कुठल्या खुणा दिसल्या तर काय करायचं हे तिला आधीच शिकवलेलं होतं, औषध तिच्या पिशवीत होतं, उपचार तीच सुरू करत होती. मोजणारी आणि ठरवणारी एकच. आकडा वर जाऊन परत खाली यायची वाट बघितली असती तर बाळ वाचलं नसतं.

काय मोजायचं हा प्रश्न मात्र मोजता येण्याआधीचा आहे, आणि इथे आपण सगळेच घसरतो. साताऱ्याचा पाऊस घ्या. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडीला ५०० च्या आसपास. या दोन्हींची सरासरी काढून जो आकडा येईल तेवढा पाऊस जिल्ह्यातल्या फार थोड्या माणसांच्या डोक्यावर पडत असेल. तरीही "जिल्ह्यात सरासरीच्या अमुक टक्के पाऊस" ही बातमी दरवर्षी छापली जाते आणि माण-खटावमध्ये टँकर चालू असतानाच वाचली जाते. संस्थांचे अहवाल असेच असतात. सतरा गावांची सरासरी. त्यातली दोन गावं कोरडी पडलीत हे सरासरीच्या पोटात गडप.

पाणलोटाच्या कामात तर मोजमापाची गंमत आणखी पुढे जाते. २०१६ साली पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यातला एक कोरेगाव, आणि पहिला नंबर आला वेळू गावाचा. त्या एक-दोन वर्षांत आमच्याकडची पोरं पाणी अडवायला खोदलेल्या सलग समतल चरांचे घनमीटर तोंडपाठ सांगायची. श्रमदानाचा तो उत्साह खोटा नव्हता. पण घनमीटर हा घामाचा हिशेब आहे. पाण्याचा हिशेब विहिरीत कळतो. शासनाच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने २०२० च्या अहवालात म्हटलं की भूजल पातळी वाढवण्यात तिचा परिणाम तोकडा राहिला. त्यावरून राजकारण व्हायचं ते झालं. कामं किती पूर्ण झाली हे दर महिन्याला कळत होतं, विहिरीला पाणी किती वाढलं हे विचारायची सवय मात्र गावपातळीवर रुजली नव्हती, याकडे फारसं कुणी बघितलं नाही.

ही सवय लावायला मोठी यंत्रणा लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. शिवाय दोरीला फुटाफुटावर गाठ मारून खाली दगड बांधला आणि गावातल्या पाच ठरलेल्या विहिरी दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजल्या तर दोन वर्षांत त्या गावाकडे कुठल्याही अहवालात नाही अशी माहिती जमते. पण मोजण्याआधी ठरवायचं की ऑक्टोबरमध्ये पातळी अमुक गाठीच्या खाली असेल तर रब्बीला कांदा घ्यायचा नाही, शाळू आणि हरभऱ्यावर थांबायचं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार वर्षानुवर्षं असाच पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि पीक त्यावर ठरवतं. ठरवण्याचा भाग गाळून नुसत्या विहिरी मोजल्या तर फळ्यावर लिहायला आणखी एक आकडा मिळेल, बाकी काही नाही. आणि खरं सांगायचं तर कांद्याचा भाव चढा असेल त्या वर्षी हा नियम पाळून घेणं अवघडच जातं. तिथे तरुण कार्यकर्त्याला दोरीपेक्षा तोंड जास्त वापरावं लागतं.

मग प्रशिक्षण कसलं द्यायचं? हल्ली जे मिळतं त्यात साधनांचा भरणा फार. माहिती भरायला कोबो, मांडायला पॉवर बीआय, डॅशबोर्ड. मुलं उत्साहाने शिकतात, प्रमाणपत्र घेतात, परत येतात आणि पुन्हा कंपनीचा फॉर्म भरायला बसतात. मला वाटतं सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. आधी त्या मुलाने किंवा मुलीने येत्या सहा महिन्यांत स्वतःच्या अखत्यारीत घ्यायचा एक निर्णय निवडावा. बालवाडी कुठल्या वस्तीवर हलवायची, शिष्यवृत्ती कुणाला द्यायची, फिरता दवाखाना बाजारच्या दिवशी न्यायचा की आदल्या दिवशी. मग विचारायचं, हे ठरवायला काय कळलं पाहिजे? आणि काय कळलं तर मी माझं मत बदलेन? उत्तराने काहीच बदलणार नसेल तर तो प्रश्न फॉर्ममधून खोडून टाकायचा. ही खोडाखोड हेच पहिलं कौशल्य. चार माणसांच्या संस्थेने तीन गोष्टी नीट मोजल्या तरी पुष्कळ झालं.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीचं साधन मला यासाठी आवडतं. मूल वाचू शकतं का हे बघायला एक कागद पुरतो. अक्षरं, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. गावातला कुणीही स्वयंसेवक ते वापरू शकतो आणि शेजारी बसलेल्या आईलाही निकाल तिथल्या तिथे समजतो. अहवाल यायची वाट बघावी लागत नाही. असं साधन बनवायला डोकं जास्त लागतं, सॉफ्टवेअर कमी.

त्यापुढे जाऊन नमुना निवडणं, तुलना करणं, योगायोग आणि परिणाम यांतला फरक ओळखणं हे शिकायचं तर त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. साताऱ्यात आणि सांगलीत संख्याशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. तिथली मुलं प्रकल्प म्हणून तीच ती जुनी सरावाची आकडेवारी चघळत असतात. जकातवाडीच्या समाजकार्य महाविद्यालयातली मुलं क्षेत्रकार्यासाठी वस्त्यांवर जातातच. एकाला माणसं कळतात, दुसऱ्याला गणित. या दोघांना एका रजिस्टरपुढे बसवायला फार तर एसटीचं भाडं लागेल.

एका बाबतीत मात्र मोजण्याला लगाम हवा. यादी करणं हे निरुपद्रवी काम नाही. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९० च्या दशकापासून वेश्याव्यवसायातल्या महिलांबरोबर एचआयव्हीचं काम केलं, त्या कामात नावांची यादी चुकीच्या हातात पडली तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला बंदी केली, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती घेण्याचं आणि कारण सांगण्याचं बंधन आहे. तरीही मी विधवा आणि परित्यक्ता महिलांच्या याद्या आधार क्रमांकांसकट व्हॉट्सअप ग्रुपवर फिरताना पाहिल्या आहेत. अठरा वर्षांखाली लग्न झालेल्या मुलींच्या सुद्धा. ज्या आकड्याची गरज नाही तो गोळाच न करणं, हा सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त उपाय.

देणगीदारांबद्दल थोडं बोलायला हवं. त्यांच्या अधिकाऱ्यांशी बोललं की ते म्हणतात, आम्हाला खरं कळलं तर हवंच आहे. पण ज्या केंद्राचा आकडा पडला त्याचा हप्ता अडतो आणि ज्याचा फुगला त्याचा फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर येतो, हे मुलांना पहिल्याच वर्षी समजतं. मग तीही शहाणी होतात. माझी मागणी साधी आहे. अहवालाच्या नमुन्यात "काय जमलं नाही आणि त्यावरून काय बदललं" असा एक प्रश्न घाला आणि त्याचं उत्तर कोरं असेल तर तेव्हा हप्त्याबद्दल शंका घ्या. दुसरं, मोजण्याच्या कामाला वेगळे पैसे द्या. कार्यकर्त्याने दिवसभर वस्तीवर फिरून रात्री घरी फुकट माहिती भरायची, त्यातही बाई असेल तर चुलीचं आवरून, हे चालणार नाही.

सगळ्यात अवघड मात्र संस्थेच्या आतलं आहे. आमच्याकडे प्रत्येक संस्थेत एक शिवणवर्ग असतो. यंत्रं दान मिळालेली, भिंतीवर देणगीदाराचा फलक, रजिस्टर भरलेलं, उद्घाटनाला आमदार. अशाच एका संस्थेतल्या तरुण कार्यकर्तीने मागच्या दोन तुकड्यांतल्या बायकांना एकेक करून फोन लावले. शिवणकामातून महिन्याला काही मिळतं का, एवढंच विचारलं. बहुतेकींनी घरचे ब्लाउज शिवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. गावात शिवणाऱ्या आधीच होत्या, बाजारात तयार कपडे स्वस्त. उलट बऱ्याचजणींनी आपणहून सांगितलं की द्राक्षबागेत छाटणीच्या, थिनिंगच्या म्हणजे मणी विरळण्याच्या कामाला मजुरी बरी मिळते, ते नीट शिकायला मिळालं तर हवंय. तिने एका कागदावर हे मांडून सरांपुढे ठेवलं. सरांनी कागद वाचला, शाबासकी दिली आणि म्हणाले, "बघू."

त्या "बघू"मध्ये काय काय आहे हे मी समजू शकतो. वर्ग सरांच्या वडिलांच्या नावाने चालतो, शिकवणाऱ्या बाई वीस वर्षं जुन्या आहेत आणि कंपनीच्या साहेबांना शिलाई यंत्रांसमोर फोटो आवडतो. कुठलंही डेटा प्रशिक्षण यावर उपाय सांगत नाही. पण तिच्या कागदाला उत्तर मिळायला हवं. बंद करू, किंवा या कारणासाठी चालू ठेवू, किंवा एक तुकडी बागेच्या कामाची करून बघू. तिन्हींपैकी काहीही, पण कारणासकट आणि बैठकीच्या इतिवृत्तात. तिचा कागद बैठकीपर्यंत पोचायलाही अडचण आहे, कारण ती विश्वस्त नाही आणि सभासदही नाही, ती मानधनावरची कार्यकर्ती आहे. ठरावाला सूचक म्हणून तिचं नाव लागू शकत नाही. या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक संस्थांमध्ये दुसऱ्या फळीची हीच अवस्था आहे. विश्वस्त मंडळावर संस्थापक, त्यांचे दोन मित्र, घरातलं एखादं माणूस आणि गेल्या पाच वर्षांत बैठकीला न फिरकलेले एक निवृत्त प्राचार्य.

तेव्हा देणगीदारांना आणि संस्थापकांना खरोखरच तरुणांनी माहितीवरून निर्णय घ्यायला हवे असतील तर पुढच्या कार्यशाळेआधी मंडळावरची एक जागा रिकामी करा आणि ती अशा एखादीला द्या. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. त्याचा नमुना प्रत्येक संस्थेच्या सीएकडे असतोच.